माळ्यावर जागा आहे का?

पसारा आवरण्याचा मुहूर्त पंचांगात सापडत नाही, तो आपला आपणच काढावा लागतो. बहुतेक लोक दिवाळीच्या आधीचा आठवडा धरतात आणि तिथेच फसतात. त्या आठवड्यात घरातली सगळी माणसं घरात असतात, त्यामुळे टाकायला काढलेल्या प्रत्येक वस्तूला एक वारस मिळतो. गेल्या कित्येक दिवाळ्यांत न लागलेली दिव्यांची माळ केराच्या बादलीपर्यंत पोचते न पोचते तोच "अगं, एक वायर तर निघालीये फक्त" असं म्हणणारा माणूस दारात उभा राहतो.

खरा मुहूर्त नोव्हेंबरात येतो. पेन्शनर आजोबा हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातात, त्या दिवशी सकाळी. तिथे रांग असते, रांगेत ऑफिसातले जुने सोबती भेटतात, आणि येताना मेथीची जुडी आणायला सांगितली की अजून तासभर हाती लागतो. हल्ली हा दाखला घरबसल्या मोबाइलला चेहरा दाखवूनही देता येतो. ही माहिती आजोबांच्या कानावर जाणार नाही, एवढी दक्षता घ्यावी.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपल्याकडे वस्तू घराबाहेर जात नाही, तिची बदली होते. पाहुण्यांची चादर रोजच्या पलंगावर येते, तिथून इस्त्रीच्या टेबलावर, मग गादीखाली, आणि शेवटी फाडून तिचे तुकडे फरशी पुसायच्या खात्यात रुजू होतात. बनियन आधी धूळ झटकतो, मग स्कूटर पुसतो, मग सायकलच्या चेनशी झटापट करताना काळा ठिक्कर पडतो. तरीही कुणी त्याला निवृत्त करत नाही, वाळत घालतं. श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्याची सेवा तर सर्वांत दीर्घ. विरजण, कोथिंबीर, इडलीचं पीठ, शेजारच्या काकूंकडे पाठवलेली खीर, काकूंकडून परत आलेले लाडू, आणि झाकण हरवल्यावर स्क्रू आणि खिळे. तेव्हा 'टाकणे' हा विचारच सोडून द्यावा. चांगला गृहस्थ टाकत नाही, योग्य वेळी योग्य बदली करतो.

बदलीची शेवटची जागा म्हणजे माळा. माळ्यावर चढायला स्टूल लागतं आणि स्टूल धरायला माणूस लागतो. खाली जो स्टूल धरतो तोच प्रश्न विचारतो, म्हणून हे काम घरातल्या सर्वांत लहान आणि वरच्या वस्तूंशी काहीही भावनिक संबंध नसलेल्या व्यक्तीकडे द्यावं. वर आधी हाताला लागतो तो खोका. टीव्हीच्या खोक्यात मिक्सरचा खोका, त्यात इस्त्रीचा, त्यात फोनचा. टीव्ही केव्हाच भंगारात गेला, पण खोका आहे, कारण "घर बदलायचं झालं तर?" हे घर सासऱ्यांनी सोसायटी झाली त्या वर्षी घेतलं आणि तेव्हापासून कुणी घर बदलण्याचं नावही काढलेलं नाही. त्याच्या मागे रुखवत असतं. लोकरीचा राजहंस, काडेपेट्यांचं घर, शिंपल्यांचा गणपती. हे कुणी केलं ते माहीत असलेली एक तरी मावशी हयात असते, तोवर हात लावू नये.

थर्माकोलच्या मखराचा प्रश्न वेगळाच आहे. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवरही गदा आली. त्यामुळे ते मखर आता गणपतीला मांडता येत नाही आणि उघडपणे फेकताही येत नाही. रात्री अकरानंतर काखोटीला दोन खांब नि एक कमान घेऊन कचराकुंडीकडे निघालेला सभ्य गृहस्थ सोसायटीच्या सीसीटीव्हीत फार वाईट दिसतो. मखर वरच राहू द्या. त्याच्या पोकळीत दिवाळी अंक छान बसतात. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली, तेव्हा मराठी घरांच्या माळ्यांची वजन पेलण्याची क्षमता त्यांनी विचारात घेतलेली दिसत नाही. वाचलेला अंक चांगला होता म्हणून ठेवायचा असतो आणि न वाचलेला वाचायचा आहे म्हणून. रद्दीवाल्याला द्यावा असा अंक मला अजून कुणाच्या घरी आढळलेला नाही.

आता आवकीकडे वळू. इथेच बहुतेक मार्गदर्शक कच्चे पडतात. संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा हंगाम म्हणजे लहान वस्तूंचा पावसाळाच. प्रत्येक घरी वाण लुटलं जातं आणि प्रत्येक घरून एक चाळणी, एक चिमटा, एक प्लास्टिकची डबी किंवा तळहाताएवढी वाटी आपल्याकडे येते. शहाण्या बायका वाण म्हणून गूळ, साबण किंवा तांदळाची पिशवी देतात, म्हणजे निदान ते संपतं. पण शहाणपण लुटायचं वाण नसल्यामुळे त्याचा प्रसार झालेला नाही.

ब्लाउजपीस हे तर चलनच आहे. ते शिवायचं नसतं, फिरवायचं असतं. ओटीतून आलेला पीस पुढच्या ओटीत जातो, तिथून तिसऱ्या गावी, आणि मूळ मालकिणीकडे परत आला तर फिरण्याचा वेग योग्य आहे असं समजावं. फक्त पंचाईत एवढीच होते की ती ओळखते. म्हणून कपाटाच्या आतल्या दारावर, कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत, कुणाकडून काय आलं याची नोंद ठेवावी. (जुनं कालनिर्णय टाकू नये हे वेगळं सांगायला नको. १९७३ पासून दर वर्षी ते येतं, आणि दर वर्षी त्याच्या पाठीमागे कुणी एक पाककृती वाचून करायची ठरवलेली असते. शिवाय दूधवाल्याचे खाडे त्यावरच मांडलेले असतात.) स्टीलची भांडी आहेरात फिरवताना मात्र जपावं, कारण त्यांच्यावर नावं कोरलेली असतात. 'चि. सौ. कां.' ला दिलेल्या तांब्याच्या बुडाशी तिच्याच आत्याचं नाव निघालं, तर त्या दोन घरांत पुढची पंधरा वर्षं नुसतं 'बरं आहे ना' एवढंच बोलणं उरतं. शाली निराळ्या. घरात कुणी निवृत्त शिक्षक, कवी किंवा गणेशमंडळाचे माजी अध्यक्ष असतील तर त्यांच्या कपाटात शालींचा ढीग असतोच. सोलापूरच्या मे महिन्यातही सत्काराला शालच देतात. ती पुढच्या सत्कारमूर्तीला पोचवावी. मंडळाच्या कार्यकर्त्यांना अशी सोय हवीच असते.

एवढं करूनही कपडे उरतात. त्यासाठी बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीवर कपड्यांचं गाठोडं, आणि जिन्यातून येणारी हाक. तिच्यासमोर बसण्याची पद्धत आहे. आपल्याला हवं असलेलं पातेलं आधी उचलायचं नाही, त्याच्या शेजारचा डबा उचलायचा. दोन पँटी आणि तीन साड्या ठेवल्या की ती साडीचा पदर बोटांनी ताणून उजेडात धरते आणि म्हणते, "ताई, ही तर विरलीय. जरीची एखादी टाका." आपण म्हणायचं, जरीची नाही. ती म्हणते, आतल्या कपाटात आहे. ती खरंच असते. मग अर्धा तास, एक कप चहा आणि नवऱ्याचा न विचारता दिलेला शर्ट खर्ची पडल्यावर पातेलं आपल्याकडे येतं. आता कपाटात जागा झाली, पण ओट्याखाली एक पातेलं वाढलं आणि त्यावर ठेवायला झाकण नाही. झाकणासाठी ती पुन्हा महिनाभराने येईल, तोवर कपडे जमवायला घ्या.

जपानच्या मारी कोंडो बाईंची पद्धत हल्ली इकडेही ऐकू येते. वस्तू हातात घ्यायची, आनंद झाला तर ठेवायची, नाही तर आभार मानून निरोप द्यायचा. आपल्याकडे हा प्रयोग करताना एक अडचण येते. आजोबांना वाकड्या खिळ्यांनीही आनंद होतो. आजी तर गॅसच्या जुन्या नळीचे आभार मानून ती परत मोरीत टांगते. पुढे तिसरं मूल झाल्यावर खुद्द कोंडोबाईंनीही २०२३ मध्ये सांगून टाकलं की घर आवरण्याचा आग्रह आपण बराचसा सोडला आहे. एकत्र कुटुंबात नांदलेल्या कुठल्याही सुनेनं त्यांना हे आधीच, जपानला न जाता, सांगितलं असतं.

"आम्ही खालीच आहोत, पाच मिनिटांत येतो" असा फोन आला तर या सगळ्या शास्त्राला अर्थ उरत नाही. सगळं आतल्या खोलीत ढकला, दार ओढून घ्या आणि पाहुण्यांना सांगा की आत बाळ झोपलंय. घरात बाळ नसलं तरी चालतं. पाहुणे विचारत नाहीत, त्यांच्याकडेही एक अशीच खोली असते.

शेवटचा आणि सर्वांत अवघड खंड म्हणजे परदेशी गेलेल्या मुलांचं सामान. इंजिनिअरिंगची पुस्तकं, ड्रॉइंगचा बोर्ड, हँडल तुटलेली बॅट, एका बाजूची पॅड, कॉलेजच्या गॅदरिंगची ट्रॉफी. रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारलं की टेक्सासहून किंवा न्यू जर्सीहून उत्तर येतं, "अगं आई, टाकू नकोस हं, आल्यावर बघतो." तो येतो डिसेंबरात, दोन आठवड्यांसाठी, त्यात लग्नं तीन, डेंटिस्ट एक, आणि बघणं राहून जातं. इथे भावनेला जागा नाही. पुढच्या कॉलला त्याला त्याच्या घराचं गॅरेज दाखवायला सांगा. दाखवायला तो का कू करेल. मग गाडी अंगणात बर्फात का उभी आहे ते विचारा, आणि टीव्हीचा खोका कुठे ठेवलाय तेही.