डेटा शेजारी, पिंग परदेशी
ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशभराचा डेटा गारेगार एसीत पहुडलेला. हाकेच्या अंतरावरच्या कोपरखैरण्यात मात्र धाकट्याचा गेम ऐन गोळीबारात गोठतो. राउटर चपलांच्या कपाटात, त्यावर गणपतीचं मखर आणि मध्ये सिडकोची भिंत. त्यात घरात एक्सबॉक्स दोन. दोघांनाही ३०७४ हाच पोर्ट हवा, म्हणजे सातबाऱ्यावरची भाऊबंदकीच! राउटरमध्ये यूपीएनपी (पोर्ट आपोआप वाटून देणारी सोय) चालू केलं की बहुतेकदा मिटते. पण इंटरनेट कंपनीच्या डब्यामागे हौसेने स्वतःचा राउटर जोडला, की नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदलही दुहेरी. केबल ओढायला सांगितली तर जोडणीवाला पोरगा म्हणतो, ‘काका, वायफाय आहे ना!’ प्लॅन तेवढा ५०० एमबीपीएसचा गळ्यात मारतो. गेमला लागतात जेमतेम पाच. उरलेल्यांत आजी कीर्तन बघते, तेही थांबत थांबत.