इथंच कट!

शेवटराव तुमच्याही ओळखीचे असणार. थिएटरात दिवे लागतात, माणसं अंधारात सरकलेल्या चपला पायानं चाचपायला लागतात, आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘‘सगळं झकास होतं हो, पण शेवट फसला!’’ हां, तेच ते.

नुसतं ‘फसला’ म्हणून गप्प बसतील तर शेवटराव कसले! सिनेमा नेमका कुठं संपायला हवा होता, ती जागा त्यांना ठाऊक असते. उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी मिटत ते फर्मावतात, ‘‘इथंच कट!’’

२०१६ साली ‘सैराट’ बघून आम्ही अमृततुल्यात बसलो होतो. थिएटरातून बाहेर पडलेलं कुणीच धड बोलत नव्हतं. बोलत होते एकटे शेवटराव. ‘‘हैदराबादला संसार मांडला, मूल झालं, सगळं मार्गी लागलं. आता माहेरची माणसं दारात कशाला आणायची? इथंच कट!’’

‘‘मग नागराज मंजुळेंना जे सांगायचं होतं, ते?’’

‘‘ते मुलाखतीत सांगायचं!’’

दोन वर्षांनी हिंदीत ‘धडक’ आला. त्यात शेवट बदललेला. नायिका वाचते, नवरा आणि मूल जातं. म्हटलं, आता तरी स्वारी खूश होईल. तर म्हणाले, ‘‘बदलायचाच होता तर नीट बदलायचा!’’

‘कोर्ट’च्या वेळी तर कहर झाला. त्या सिनेमात उन्हाळी सुट्टी लागते, कोर्टातली माणसं निघून जातात, एकेक दिवा विझतो आणि पडदा काळा होतो. शेवटराव टाळ्या वाजवत उभे राहिले. ‘‘वा! इथंच कट!’’ तेवढ्यात पडद्यावर पुन्हा उजेड. न्यायाधीश सहलीला निघालेले. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘ओ काका, बसा खाली!’’ बाकावर डुलकी काढणाऱ्या न्यायाधीशांना पोरं दचकवतात आणि त्यातल्या एकाला थोबाडीत बसते, तो शेवट शेवटरावांनी अर्धवट उभं राहूनच पाहिला. चैतन्य ताम्हाणेंना त्यांनी अजून माफ केलेलं नाही.

‘शोले’त ठाकूर गब्बरला स्वतः ठार मारतो, असाच शेवट आधी चित्रित झाला होता. सेन्सॉरनं तो बदलायला लावला आणि ऐन वेळी पोलीस हजर झाले. हे कळल्यापासून सेन्सॉर बोर्ड म्हणजे सरकारनं नेमलेले शेवटराव, असं माझं ठाम मत झालं आहे.

सिनेमापुरतं असतं तर चाललंही असतं. पण लग्नात कुणा मावशीनं माईक धरून स्वरचित मंगलाष्टक सुरू केलं, की दुसऱ्याच कडव्याला शेवटरावांची बोटं मिटतात. गणपतीत पाचव्या आरतीला मिटतात. शोकसभेत वक्ता ‘‘थोडक्यात सांगतो’’ म्हणाला रे म्हणाला, की मिटतात. वहिनी म्हणतात, ‘‘आमचं लग्न कुठं कट करायचं, तेवढं मात्र यांनी अजून सांगितलेलं नाही!’’ आणि हाच माणूस निरोप घेताना फाटकापाशी स्कूटर चालू करतो, एक मुद्दा आठवला म्हणून बंद करतो, पुन्हा चालू करतो. तिथं कट म्हणायची सोय नाही.

परवा त्यांचे सगळे कट मनातल्या मनात एका ओळीत लावून पाहिले. ‘श्वास’मध्ये ऑपरेशनच्या आधी, आजोबा नातवाला शहर दाखवत असताना. ‘फँड्री’त जब्या काळ्या चिमणीच्या मागे भटकत असताना, डुकराच्या पाठलागाच्या नि त्या दगडाच्या पुष्कळ आधी. ‘कोर्ट’मध्ये थोबाडीत बसायच्या आधी. म्हणजे हा गृहस्थ कात्री चालवतो ती प्रत्येक वेळी घाव बसायच्या आत. आणि इतकी वर्षं आम्ही समजत होतो, यांना पटकथेतलं कळतं!

‘उंबरठा’पुढं मात्र त्यांची बोटं मिटत नाहीत. १९८२ चा सिनेमा. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून निघते आणि सिनेमा संपतो. वहिनी सांगतात, अजूनही कधीतरी जेवताना घास हातात धरून विचारतात, ‘‘पुढं काय झालं असेल गं तिचं?’’ लांबच्या चुलतबहिणीची चौकशी करावी, तसं.

ज्या सिनेमांचा शेवट त्यांना ‘एकदम मस्त’ वाटला, त्यांची नावं त्यांना घरी पोचेपर्यंतही आठवत नाहीत. ‘फसलेले’ शेवट तेवढे वर्षानुवर्षं सोबत करतात. त्यामुळे मी हल्ली परीक्षणं वाचणं सोडून दिलं आहे. तुम्हीही सोडा. तुमच्या ओळखीच्या शेवटरावांना फोन लावा, शेवट कसा वाटला ते विचारा, आणि ‘फसला’ म्हणाले की लगेच तिकीट काढा.