अस्सल सागवानी गृहस्थ

हे गृहस्थ तुमच्या घरी आले की आधी विचारपूस होते ती तुमच्या टेबलाची. बोट वाकवून टकटक, कान तिरका, डोळे मिटलेले. मग निदान: ‘‘पार्टिकल बोर्ड. पावसाळ्यात जपा.’’ चहा यायच्या आत कपाट, शोकेस आणि देव्हारा यांचे रिपोर्ट तयार असतात. देव्हाऱ्याला मात्र आधी नमस्कार करतात, मग ठोकतात.

बाणेरला फ्लॅट घेतला तेव्हाच त्यांनी जाहीर केलं की घर ‘नॅचरल वुड’मध्ये होणार. सनमायका हा शब्द घरात उच्चारायचा नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या वखारी त्यांनी पालथ्या घातल्या. बल्लारशाचा साग कोणता आणि जहाजातून आलेला आफ्रिकन कोणता, हे ते आता नुसत्या वासावर सांगतात. पडताळून बघायची कुणाची छाती नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांना चंद्रपूरकडचा साग गेला, हे ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, ट्रकमागून स्कूटरवर हेच गेले होते.

शनिवारवाडा 1828 साली जळाला याचं त्यांना अजून वाईट वाटतं. पेशवाई 1818 मध्येच बुडाली होती, तेव्हा हे दुःख निव्वळ जुन्नरच्या जंगलातून आणलेल्या सागवानाचं. विश्रामबागवाड्यातल्या सुरूच्या घाटाच्या खांबांवरून ते हात फिरवू लागले की बायको चार पावलं लांब जाऊन उभी राहते.

एवढी तयारी झाल्यावर वखारवाल्याने घनफुटाचा भाव सांगितला. नुसत्या दिवाणखान्याचा हिशोब ऐकून गृहस्थ तिथल्याच एका ओंडक्यावर बसले. तोही सागाचाच निघाला, म्हणून पुन्हा उठले.

पुढचा मार्ग राजस्थानी मिस्त्रीने दाखवला. ‘‘साब, असली चाहिए की असली जैसा?’’ इतका थेट प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. गृहस्थ म्हणाले, ‘‘असली दिखना चाहिए.’’ मिस्त्रीने मान हलवली. त्याच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक शेवटी हेच म्हणत असावं.

तर आता घरात साग आहे, भिंतभर आहे, आणि जाडीला जेमतेम अर्धा मिलिमीटर आहे. व्हिनियरच्या मागे एकोणीस मिलिमीटरचा मरीन प्लाय. जमिनीवर लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स. त्यांत दर चौथ्या टाइलवर तीच गाठ, त्याच जागी. अख्खा, भरीव, बापजन्मीचा साग फक्त जेवणाच्या टेबलाला. त्यामुळे टेबलावर जेवायचं नाही.

म्हणजे तसं कुणी म्हणत नाही. पण पाण्याच्या भांड्याखाली कोस्टर, कोस्टरखाली मॅट, मॅटखाली काच. दुपारी पडदे ओढायचे, कारण उन्हाने पॉलिशचा रंग उडतो. लाकडाचं सौंदर्य दिसावं म्हणून केलेलं घर दुपारभर अंधारात असतं. आई अजून गरम पातेलं थेट टेबलावर ठेवतात. त्यांचं बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. ‘‘आम्ही तुळईला खिळे ठोकून छत्र्या टांगायचो,’’ असं त्या सहज बोलून गेल्या, तेव्हा चिरंजिवांना पाणी द्यावं लागलं. कोस्टरसकट.

आणि मग परवा टेबलाच्या पायाशी पिठासारखा भुसा दिसला. पायाला बारीक भोकं. बायको घाबरली, आई ‘‘मी बघितलाय असला भुसा’’ म्हणाल्या, आणि गृहस्थांचा चेहरा उजळला. ‘‘बघितलंत? खऱ्या लाकडाशिवाय कीड लागत नाही!’’

पेस्ट कंट्रोलवाला बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरला. बाहेर येऊन म्हणाला, ‘‘काका, सागाच्या गाभ्याला ही कीड सहसा लागत नाही. मिस्त्रीने सालीजवळचा पांढरा भाग लावलाय तुम्हाला.’’

‘‘पांढरा असला तरी सागाचाच ना?’’

‘‘सागाचाच. उद्या येऊन औषध मारतो.’’

‘‘उद्या नको,’’ गृहस्थ म्हणाले. ‘‘सोमवारी या. रविवारी ऑफिसची मंडळी येताहेत.’’ आणि आतल्या दिशेने वळून त्यांनी बजावलं की तोवर टेबलाखाली कुणी झाडू मारायचा नाही.