निवडा, पन चिवडू नोका

आमचे आबा चोखंदळ, असं सगळं पातूर म्हणायचं. बाजारात ते गावरान आंब्याच्या पाटीपुढे उकिडवे बसत, एक आंबा हातावर मळून चोखत आणि मग भाव विचारत. चोखून पाहतो तो चोखंदळ, ही माझी लहानपणची पक्की व्युत्पत्ती. शाळेत गुरुजींनी ती खोडली. शब्द ‘चोख’वरून आला, चोख म्हणजे शुद्ध, संस्कृतातलं चोक्ष. आबांनी हे ऐकून घेतलं आणि दुसरा आंबा उचलला.

शब्द तसा मानाचा. वाचक चोखंदळ, प्रेक्षक चोखंदळ, दुकानाच्या पाटीवर गिऱ्हाईकही चोखंदळ. आमच्याकडे गावसुद्धा पारखूनच घ्यावं लागतं. जिल्ह्यात पातूर नंदापूर वेगळं. रेणुकामातेच्या टेकडीजवळचं ते आमचं, जुन्या कागदांतलं पातूर शेखबाबू. गडबडीत एसटीत बसणाऱ्या पाहुण्यानं चोखंदळ असलेलं बरं.

गेल्या हिवाळ्यात भरताची वांगी आणायला गेलो. चांगलं वांगं आकारानं मोठं पण हाताला हलकं लागतं, म्हणजे आत बी कमी. म्हणून मी एकेक तळहातावर तोलत होतो, दाबत होतो, देठाशी अळीचं भोक शोधत होतो. पाटीचा तळ दिसू लागला तशी बाई म्हणाली, “निवडा भाऊ, पन चिवडू नोका.”

कोशात निवडणं आणि चिवडणं हे दोन शब्द फार लांब आहेत. पाटीच्या अलीकडून चोखंदळ दिसणारा माणूस पलीकडून चिवडणारा दिसतो, हे मात्र कुठल्या कोशकारानं लिहिलेलं मला आढळलं नाही. “दाबले तेवढे तुमचे,” म्हणत तिनं तीन किलो तोलले. घरी दोन किडकी निघाली.

पुढच्याच आठवड्यात कापूस विकायला काढला. वेचणीची मजुरी किलोवर. तेव्हा बोंडाबरोबर पाला आणि कवडीही गाठोड्यात येते. वेचणारीनं चोखंदळ व्हावं तर तिची चूल कशी पेटावी? व्यापाऱ्यानं गाडीत कोपरापर्यंत हात खुपसला, मूठभर कापूस उपसला, चिमटीत ओढून धागा पाहिला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा हात खुपसला.

“निवडा भाऊ,” मी म्हणालो, “पन चिवडू नोका.”

त्यानं हात काढला, बाह्या झटकल्या आणि क्विंटलमागं शंभर रुपये कमी केले.