बोलविता धनी

साहेबांच्या बंगल्यावर ईडीचे समन्स सकाळी पोचते आणि दहाच्या सुमारास साहेबांच्या छातीत दुखू लागते. दुपारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर पत्रकार परिषद. हाताला सलाईनची पट्टी, गळ्यात पक्षाचा गमछा. "हे षड्‌यंत्र आहे!" साहेब म्हणतात, आणि आम्ही तालुक्याचे वार्ताहर मान खाली घालून लिहून घेतो. खरे तर लिहायची गरज नसते. मागची बातमी असतेच, तारीख तेवढी बदलायची.

असे साहेब प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पक्षात आहेत. कोणाची बँक, कोणाची सूतगिरणी, कोणाचे मेडिकल कॉलेज. आमच्या साहेबांचा साखर कारखाना. सभासदांचा सहकारी कारखाना कर्जात बुडाला, बँकेने लिलावात काढला आणि एका खासगी कंपनीने स्वस्तात घेतला. कंपनीचे संचालक दोन: साहेबांचे जावई आणि जावयांचा ड्रायव्हर. अधिकाऱ्यांना एवढेच जाणून घ्यायचे आहे की ड्रायव्हरकडे इतके पैसे आले कुठून.

साहेब उलट विचारतात, "आत्ताच का?"

प्रश्न बिनतोड आहे. आपल्याकडे विधानसभा नसेल तेव्हा झेडपी असते, झेडपी नसेल तेव्हा बाजार समिती, तीही झाली की दूध संघ आणि विकास सोसायट्या. यातून चार महिने मोकळे सापडलेच तर कारखान्याचा गाळप हंगाम असतो, मग वारी, मग गणपती. साहेबांची चौकशी करण्याजोगा मुहूर्त पंचांगात अजून निघालेला नाही.

दुसरा प्रश्न, यामागे कोण? इथे साहेबांचा हिशेब चोख आहे, निदान कारखान्यापेक्षा चोख. रक्कम जितकी मोठी तितका शत्रू लांबचा. पाणंद रस्त्याच्या बिलाची भानगड होती तेव्हा बोलविता धनी चुलतभाऊ होता. जिल्हा बँकेच्या कर्जाच्या वेळी तो मुंबईत राहायला गेला. कारखान्याचा आकडा बाहेर आल्यावर दिल्लीत. आणि परवा परदेशातल्या खात्याचा विषय निघताच साहेबांनी 'परकीय शक्तीं'चा उल्लेख केला, तेव्हा आम्हाला रकमेचा साधारण अंदाज आला.

परकीय हात ही साहेबांच्या तरुणपणाची शिकवण. इंदिरा गांधींच्या भाषणांतून तो हात त्यांनी ऐकला होता. जानेवारी १९७८ मध्ये आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर बाईंनी शपथ घ्यायला नकार दिला, तेव्हा साहेब कॉलेजात होते. १९८० मध्ये बाई पुन्हा पंतप्रधान झाल्या, हे त्यांनी मनात पक्के नोंदवून ठेवले. हल्लीचे शिक्षण न्यू जर्सीतल्या भाच्याकडून. ट्रम्प यांनी निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाच्या म्युलर चौकशीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'विच हंट' म्हटले, हे भाच्याने फोनवर समजावले. साहेबांनी विचारले, "मग निघालं काय?"

"चौतीस जणांवर आरोप ठेवले, मामा."

"आणि त्यांचं?"

"ते आता पुन्हा अध्यक्ष आहेत."

"बास!" साहेब म्हणाले. त्या दिवशी सलाईन काढली.

गंमत अशी की साहेब सगळेच खोटे बोलत नाहीत. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली मे २०१३ चे एक कात्रण आहे. कोळसा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटले, त्याची बातमी. (तेव्हा दिल्लीत साहेबांचेच सरकार होते आणि न्यायालयाने मर्यादा ओलांडल्याचे त्यांचे मत होते. कात्रण मात्र जपले.) मार्च २०२५ मध्ये तर केंद्र सरकारनेच राज्यसभेत सांगितले की दहा वर्षांत राजकीय मंडळींवर ईडीची १९३ प्रकरणे झाली आणि शिक्षा लागली दोन प्रकरणांत. हा आकडा साहेबांना हरिपाठासारखा पाठ आहे. यंत्रणा सूडाने वागतात, हे खरेच. पण त्या खऱ्याच्या सावलीत ड्रायव्हर किती आरामात बसतो!

ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सीबीआयला तपासासाठी दिलेली सरसकट संमती काढून घेतली, तेव्हा साहेबांनी चौकात पेढे वाटले: लोकशाही वाचली. ऑक्टोबर २०२२ मध्ये संमती परत दिली, तेव्हाही वाटले: कायद्याचे राज्य आले. मधल्या काळात साहेबांनी बाजू बदलली होती, एवढेच. हलवाई तोच होता.

यावेळीही बाजू बदलल्यावर छातीतले दुखणे थांबले. पुढची तारीख काही पडली नाही. षड्‌यंत्राचा विषय साहेब काढत नाहीत. कोणी काढला तर "मी कोणाबद्दल मनात ठेवत नाही" म्हणतात. आता समन्स चुलतभावाला आले आहे. "कायदा आपले काम करील," साहेबांनी निवेदन दिले, आणि संध्याकाळी चुलतभाऊ दवाखान्याच्या त्याच पायऱ्यांवर उभा राहिला. गमछा तेवढा वेगळ्या रंगाचा.

गेल्या आठवड्यात बाजार समितीच्या उद्घाटनाला साहेब खुशीत होते. चहा घेताना मी विचारले, "साहेब, आता सगळं मिटलंय, तर सांगून टाका. ड्रायव्हरकडे पैसे आले कुठून?"

साहेबांनी कप खाली ठेवला. डावी-उजवीकडे पाहिले, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून आवाज उतरवला.

"पत्रकार, हे विचारायला तुम्हाला कोणी पाठवलं?"