प्रिंटरचा पत्ता

आमचं ऑफिस म्हणजे एक निवृत्त वीस फुटी कंटेनर. दहा-बारा वर्षं सातासमुद्रापार हिंडून अंग गंजलं, तेव्हा न्हावा शेव्याच्या एका यार्डाच्या कडेला त्याला विटांवर बसवलं. एका बाजूला पत्रा कापून खिडकी काढली, दुसऱ्या बाजूला कापून एसी अडकवला आणि आम्हा तिघांना आत सोडलं. बंदरातून माल सुटायचा तर कागद लागतात. ते कागद आम्ही करतो. मालही डब्यात, आम्हीही डब्यात. मालाला मात्र कधीतरी सुटका असते.

आमच्या धंद्यात 2020 पासून सगळं पेपरलेस आहे. त्या वर्षी 15 एप्रिलपासून, ऐन लॉकडाउनात, कस्टमने बिल ऑफ एन्ट्रीची आउट ऑफ चार्ज कॉपी आणि गेटपास पीडीएफ करून ईमेलवर पाठवायला सुरुवात केली. सोय मोठी झाली, खोटं कशाला बोला. फक्त पूर्वी जे त्यांच्या कागदावर छापलं जायचं, ते आता आमच्या कागदावर, आमच्या टोनरने छापलं जातं. ड्रायव्हर काही ईमेलवर विश्वास ठेवत नाही. त्याला हातात धरायला, घडी घालून खिशात कोंबायला आणि वेळप्रसंगी त्यावर वडापाव ठेवायला कागदच लागतो.

तर प्रिंटर. तो वायफायवर होता आणि राउटर होता समोरच्या मोठ्या केबिनमध्ये. दाराबाहेर उभं राहिलं की मोबाइलवर सगळ्या दांड्या भरलेल्या. आत पाऊल टाकलं की एकही नाही. म्हणून प्रिंटरला स्टुलावर बसवून खिडकीशी ठेवलं होतं, ठाण्याच्या लोकलमध्ये विंडो सीट मिळालेल्या माणसासारखं. तिथून त्याला जरा हवा लागायची. पण ट्रेलर उभे राहतात तेही नेमके खिडकीसमोर. भरलेला चाळीस फुटी डबा आडवा आला की प्रिंटर बेशुद्ध. ड्रायव्हर खाली उतरून खिडकीवर टकटक करायचा, "साब, कागज?" आता ट्रेलर हलला तर कागद निघणार आणि कागद निघाला तर ट्रेलर हलणार. अशा अवस्थेत मी त्या ड्रायव्हरकडे आणि तो माझ्याकडे किती वेळा बघत बसलो असू! शेवटी त्याला सांगायचं, बाबा रे, दहा फूट पुढे घे, छापतो, मग ये. त्याला वाटायचं, साहेब चहापाण्याचं काहीतरी आडून सुचवतायत.

यात प्रिंटरचा दोष नव्हता. चारी बाजूंनी धातू असलेल्या खोलीत बाहेरच्या विजेचा प्रभाव शिरत नाही, हे मायकेल फॅरडेने 1836 मध्ये स्वतः तशा खोलीत बसून दाखवलं होतं. फॅरडे प्रयोग संपल्यावर बाहेर आला. आम्हाला सहा वाजेपर्यंत बसावं लागतं.

शेवटी शेठ म्हणाले, वायर टाका. आमच्यातला सगळ्यात धाकटा नाराज झाला. त्याच्या मते वायरचा जमाना गेला, सगळं जग हवेतून चालतं. दारात बसून ड्रायव्हरांना कागद वाटणारे काका एरवी ऑफिसच्या गोष्टीत बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. "घारापुरीला लाइट काय हवेतून आली? लेण्या बघायला अख्खी दुनिया यायची, पर गावात रातचा अंधार. समुद्राखालनं केबल टाकली तवा कुठं उजेड पडला." खरंच होतं. बंदराच्या इतक्या जवळचं ते बेट, पण तिथल्या तीन गावांत कायमची वीज पोचली ती 2018 मध्ये, आणि तीही साडेसात किलोमीटरच्या केबलवरून. आम्हाला पस्तीस मीटरच पुरणार होती. शंभर मीटरपर्यंत ही नेटवर्कची वायर कुरकुर करत नाही म्हणतात.

वायर टाकायला आलेला मुलगा कॉलेजातला वाटत होता, पण हातात सफाई होती. घुशींच्या भीतीने केबल काळ्या पाइपात घातलेली, रीच स्टॅकरच्या वाटेत यायला नको म्हणून कंटेनरच्या टपावरून आणलेली. मग त्याने टोकाचं निळं साल सोललं आणि आतून आठ बारीक तारा निघाल्या, दोन-दोन एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. मी म्हटलं, हा पीळ सोडव की, सरळ दिसेल. तो दचकलाच. म्हणाला, "काका, पिळातच तर सगळं आहे." बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांना सारखाच लागतो आणि वजाबाकीत उडून जातो. टेलिफोनच्या ग्रॅहम बेलने 1881 मध्येच हे पेटंट घेतलं होतं. जोडीने राहिलं तर त्रास सारखा वाटला जातो, हे मी घरी सांगून बघितलं. प्रतिसाद संमिश्र होता.

मग त्याने तारा नखाने सरळ करून ओळीत लावल्या: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. बाकी जोड्या शेजारी शेजारी, पण हिरव्या नवराबायकोच्या मधे निळं जोडपं येऊन बसलेलं, लग्नातल्या ग्रुप फोटोसारखं. आणि आमच्या प्रिंटरच्या वेगाला म्हणे केशरी आणि हिरव्या अशा चारच तारा लागतात. बाकीच्या चार नुसत्या मस्टरवर. प्लास्टिकची टोपी चढवली, पक्कड दाबली, कट्ट. खाचेत घातली, दुसरी कट्ट. हिरवा दिवा लुकलुकला.

धाकट्याचं तोंड पाडायला मला एक गोष्ट आयतीच सापडली होती. ही वायरच्या नेटवर्कची पद्धत जन्मली तीच मुळी प्रिंटरपायी. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात एक अफाट वेगाचा लेझर प्रिंटर तयार होत होता आणि टेबलाटेबलावर कॉम्प्युटर येणार होते. सगळ्यांनी मिळून तो एक प्रिंटर वापरायचा कसा? त्यावर बॉब मेटकाफ नावाच्या तरुणाने 22 मे 1973 रोजी एक टिपण लिहिलं आणि त्यात नाव दिलं ईथरनेट. ईथर म्हणजे सगळं आकाश व्यापून राहिलेला, प्रकाश वाहून नेणारा तो अदृश्य पदार्थ. तो सापडत नाही, हे 1887 च्या एका प्रयोगातच दिसून आलं होतं. जे नाही त्याचं नाव, आणि ते दिलं कशाला, तर हाताला लागणाऱ्या जाड केबलला. मला हा माणूस आवडला.

दिवा लुकलुकला म्हणून आम्ही पेढ्यांची गोष्ट काढली, पण कागद काही निघेना. कॉम्प्युटर म्हणे, प्रिंटर ऑफलाइन. मुलाने प्रिंटरचंच एक बटण दाबून त्याची माहिती छापून घेतली. पत्ता होता 169.254 ने सुरू होणारा. मुलगा म्हणाला, राउटरकडून पत्ता मिळाला नाही की यंत्र आपणच आपल्याला असा एक पत्ता ठरवून घेतं. तो कुणाला माहीत नसतो, त्यामुळे त्या पत्त्यावर कुणी येत नाही. राउटरच्या मागे वायर भलत्याच खाचेत गेली होती. ती बदलली, पत्ता मिळाला, शेवट सातवर. कागद भराभर निघाले. पेढे आले.

रात्री लाइट गेली. सकाळी राउटरने नव्याने पत्ते वाटले. प्रिंटरला अकरा मिळाला आणि सात गेला वॉचमनच्या मोबाइलला. आमचे दोन्ही कॉम्प्युटर सकाळभर त्या मोबाइलचं दार ठोठावत होते. त्यात भर म्हणजे धाकट्याने घाईघाईने प्रिंटर पुन्हा पुन्हा जोडून ठेवलेला. यादीत आता तोच प्रिंटर चार नावांनी होता: कॉपी 1, कॉपी 2, कॉपी 3 आणि एक नुसताच. बाहेर सहा ट्रेलर. काका दारातून म्हणाले, "साहेब, त्याला एक घरनंबर देऊन टाका ना कायमचा. रोज पत्ता बदलला तं पोस्टमननं काय करायचा?"

नावाचं म्हणाल तर आमचं बंदरच बघा. 26 मे 1989 रोजी सुरू झालं, पाटी लागली जवाहरलाल नेहरूंच्या नावाची. पण जगातल्या कुठल्याही बंदरातून आमच्याकडे निघालेल्या बिल ऑफ लेडिंगवर ठिकाण छापलेलं असतं न्हावा शेवा, आणि कोडही त्याच दोन गावांच्या आद्याक्षरांतून आलेला. शांघायच्या कारकुनाला शेवा पाठ आहे. ज्यांचा तो शेवा, त्या कोळीवाड्यातल्या लोकांना बंदरासाठी उठावं लागलं. उरणजवळ हनुमान कोळीवाडा वसवला आणि तिथल्या घरांना वाळवी लागली. काका तिथलेच. उठले तेव्हा लहान होते. मी हे कधी त्यांच्यापाशी काढत नाही. तेही काढत नाहीत.

मुलगा दुपारी परत आला. प्रिंटरला त्याने कायमचा पत्ता दिला, 192.168.1.200, राउटर वाटतो त्या आकड्यांच्या पलीकडचा. यादीतली भुतं पुसली. पहिला कागद निघाला, दुसरा निघाला, खिडकीसमोर चाळीस फुटी डबा तसाच उभा होता आणि त्याचाच गेटपास निघाला. ड्रायव्हर जागचा न हलता कागद घेऊन गेला. जाताना त्याने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

संध्याकाळी काका पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन आले. प्रिंटरच्या कपाळावर सावकाश एकेक आकडा काढला, मधले ठिपकेसुद्धा. स्टूल काढून प्रिंटरखाली टेबल सरकवलं, वायर भिंतीला खिळ्याने अडकवली, एकदा ओढून बघितली.

"आता ह्याला उठवू नका," म्हणाले, आणि ब्रश धुवायला बाहेर गेले.