बाहेरून पाठिंबा

आमच्या हिचे थोरले बंधू बोईसरला, तारापूर एमआयडीसीत, फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपला आहेत. ही त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. जगातली कुठलीही वस्तू चौकोनी पाइप आणि वेल्डिंगची कांडी एवढ्यावर करता येते, असं दादांचं ठाम मत आहे. आमच्या लग्नात त्यांनी स्वतः केलेलं लोखंडी कपाट दिलं. घर बदललं तेव्हा ते उतरवायला सहा हमाल लागले, आणि त्यातले दोन पुढच्या फेरीला आलेच नाहीत.

२०२१ साली राज्य सरकारचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं. ती बातमी कापून दादांनी वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पुढे त्यांना कुठूनसं कळलं, की अमेरिकेत लॉईड बॉन्ट्रेगर नावाच्या गृहस्थांनी १९६८ साली जेको ही कंपनी काढली, तीही आपल्या शेतावरच्या कोंबड्यांच्या खुराड्यांत आणि गोठ्यात, आणि सुरुवात केली ती घडीच्या ट्रेलरपासून. "खुराड्यात होतं, तर बोईसरला का नाही?" दादा म्हणाले. याला उत्तर नव्हतं.

घडीचा ट्रेलर म्हणजे काय, तर मोठी काडेपेटी. मिटलेली असते तेव्हा कंबरभर उंचीची पेटी, गाडीच्या मागे निमूट चालणारी. मुक्कामाला पोचलं, की हँडल फिरवायचं, तारेवर छप्पर वर चढतं. मग काडेपेटीचा आतला खण सरकवतात तसे दोन्ही टोकांचे दोन पलंग बाहेर ओढायचे. वर कॅनव्हासचा तंबू ताणला, की झालं घर. फक्त एक गोष्ट राहते. ओढलेला पलंग जवळजवळ सगळा हवेत असतो. तो हवेत राहावा म्हणून त्याच्या बाहेरच्या कडेपासून खाली ट्रेलरच्या चासीपर्यंत दोन तिरके पाइप लावायचे, जुन्या चाळीच्या गॅलरीखाली असतात तसे. हेच ते टेकू.

टेकूवरच्या वस्तूंविषयी मराठी माणसाला काही सांगायला नको. १९९७ या एका वर्षात बाहेरून पाठिंब्यावर उभी असलेली दोन सरकारं दिल्लीत पडली, एप्रिलात देवेगौडांचं आणि नोव्हेंबरात गुजरालांचं. आमचा पलंग मात्र एका रात्रीत तीनदा गेला.

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही चौघं, म्हणजे दादा, वहिनी, ही आणि मी, बोईसरहून निघालो. पालघर, माहीम, केळवे करत दादांनी केलेली काडेपेटी बोलेरोमागून खडखडत येत होती. एडवणला वहिनींनी गाडी थांबवायला लावली आणि आशापुरीच्या देवळात माथा टेकला. त्यांना नवऱ्याच्या वेल्डिंगचा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. मीही टेकला. दादा गाडीत बसून राहिले.

दातिवऱ्याला पोचलो तेव्हा पाचाचा सुमार होता. सुरूच्या झाडांशेजारी, भरतीच्या रेषेपासून बऱ्याच वर, दादांनी ट्रेलर लावला. समोर समुद्र, डावीकडे वैतरणेचं रुंद मुख आणि पलीकडे अर्नाळा. बाजूला दोन-चार होड्या वर ओढून ठेवलेल्या, वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले. दादांनी ट्रेलरच्या चार कोपऱ्यांवरचे जॅक खाली सोडले, छप्पर चढवलं, पलंग ओढले, टेकू लावले. "जावयाचा मान म्हणून समुद्राकडचा पलंग तुम्हाला," ते म्हणाले. जावयाचा मान कुठल्या बाजूला कललेला असतो, ते मला रात्री कळलं.

जेवणं झाली, दिवे मालवले आणि आम्ही पाठ टेकली. पाठ टेकली म्हणजे मानेखालचा भाग टेकला. डोकं उताराला होतं. अंगातलं सगळं रक्त विचार करायला डोक्यात जमत होतं. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला धप्प आवाज झाला. तिकडचा पलंग नेमका उलटा, आतल्या बाजूला कललेला होता आणि वहिनी लोळत थेट शेगडीपाशी आल्या होत्या.

बॅटरी घेऊन आम्ही खाली उतरलो. दादांनी चारही टेकूंवरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य म्हणाले, "वेल्डिंगला काही झालेलं नाही." मग शोध लागला. दोन पलंगांच्या मापांत फरक होता, म्हणून टेकूही दोन मापांचे केलेले होते. लांबडी जोडी आमची, आखूड जोडी त्यांची. लावताना अदलाबदल झाली होती. कुठला कुठे, हे दादांनी खडूनं लिहून ठेवलं होतं, पण ते वर्कशॉपच्या फरशीवर.

जोड्या बदलल्या. पुन्हा पाठ टेकली. आता पलंग सरळ होता. मी कुशीवर वळलो आणि टक्कन आवाज होऊन पलंगाचा एक कोपरा हातभर खाली गेला. टेकूचं खालचं टोक चासीवरच्या एका खाचेत बसतं. एडवणपासूनच्या खड्ड्यांनी त्या खाचेचे ओठ फाकले होते. मी वळताच पाइपानं तोंड बाहेर काढलं होतं. दादांनी हातोडीनं ओठ आवळले, वरून नायलॉनची दोरी करकचून बांधली आणि म्हणाले, "वेल्डिंगला काही झालेलं नाही." एव्हाना वद्य षष्ठीचा चंद्र झाडांवर आला होता.

तिसऱ्या वेळी आवाजच झाला नाही. मला वाटलं, स्वप्नात मी घसरगुंडीवर आहे. जागा झालो तर उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली गडगडत समुद्राकडच्या कॅनव्हासला जाऊन टेकली होती आणि ही माझ्याकडे सरकत होती. लग्नाच्या अठराव्या वर्षी अशी जवळीक मला संशयास्पद वाटली. "अहो, तुम्ही ढकलताय का?" तिनं विचारलं. मी ढकलत नव्हतो. पृथ्वीच ढकलत होती.

दादांनी टेकू काढले, पुसले, लावले. लागताना ते दगडासारखे अडायचे, म्हणून ठोकून बसवले. पलंग आणखी वाकडा झाला. मग दादा टेकूखाली चपला घालून बघू म्हणाले आणि माझ्या चपला घातल्या. माझ्या डोळ्यांसमोर वसईची मोहीम उभी राहिली. मराठ्यांनी समोरचा अर्नाळा घेतला १७३७ साली आणि वसई पडायला १७३९ चा मे उजाडला. दोन वर्षं एका किल्ल्यापायी! पण त्यांच्यात चिमाजी अप्पा होते. आमच्याकडे दादा होते. शेवटी मी वाळूत बसून हात टेकले. आणि टेकलेले हात मनगटापर्यंत आत गेले.

याच सुमारास होड्यांकडून एक काका बॅटरी मारत आले. वयानं सत्तरीचे, डोक्याला मफलर. हातोडीच्या आवाजानं त्यांची झोप मोडली असणार, पण ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "काय बिघडलं?"

"टेकू," मी म्हणालो.

काकांनी टेकूकडे पाहिलंसुद्धा नाही. ते वाकले आणि जॅकच्या पायाशी उजेड टाकला. समुद्राकडचे दोन्ही जॅक वाळूत असे रुतले होते, की त्यांची थाळी दिसेना. "टेकू चांगला आहे," काका म्हणाले, "पण तो कशावर टेकलाय? गाडीवर. गाडी कशावर? याच्यावर. आणि हा निघालाय खाली."

दादा प्रथमच काही बोलले नाहीत. काका होड्यांकडे गेले आणि चार जाड फळ्या घेऊन आले. "होडी उभी करायची तरी खाली आधी फळी घालतो आम्ही. वाळू वजन धरत नाही, वजन पसरावं लागतं." मग त्यांनी सगळंच उलट्या क्रमानं करायला लावलं. टेकू काढले, पलंग आत, छप्पर खाली. जॅक वर घेतले. गाडी उचलून धरायचं काम जॅकचं नाहीच, गाडीचा भार चाकांवर हवा. जॅक नुसता हलू नये म्हणून. समुद्राकडच्या चाकाखाली फळी सारली. मघाची बाटली अर्धी रिकामी करून ट्रेलरच्या तळावर आडवी ठेवली आणि तिच्यातलं पाणी दोन्ही टोकांना सारखं दिसेपर्यंत गाडी पुढेमागे केली. पाणसाळ पंधरा रुपयांची. पाणी प्यायलाही उपयोगी. मग चाकाला दगडाची उटी, जॅकखाली फळ्या, छप्पर वर, पलंग बाहेर. शेवटी काकांनी पलंगाची कड दोन बोटांनी जराशी उचलली आणि पाइप खाचेत अलगद बसला. ज्याला आम्ही हातोडीनं ठोकत होतो, त्याला आवाजसुद्धा झाला नाही.

"टेकू ठोकावा लागला, की समजावं चूक दुसरीकडे आहे," काका म्हणाले. मला दादांच्या चेहऱ्याकडे बघायचं होतं, पण हिनं माझा हात दाबला.

जाताना काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "आज षष्ठी. साहाचे पाऊणपट साडेचार. पहाटेच्या भरतीला होडी काढायची आहे, फळ्या तेव्हा नेतो." तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मोबाइल नाही, तक्ता नाही. मी मनातल्या मनात ताळा करत होतो, तोवर ते गेलेसुद्धा. दीड वाजला होता.

त्यानंतरची झोप मी कधी विसरणार नाही. पलंग तळ्याच्या पाण्यासारखा सपाट होता. मी मुद्दाम दोनदा कूस बदलली. काही झालं नाही. तिसऱ्यांदा बदलायच्या आत झोप लागली.

"पाव्हणं, फळ्या."

बरोबर साडेचार वाजले होते. काका आणि त्यांचा मुलगा खाली उभे होते. दादा जॅक फिरवायला लागले. खालून एकेक फळी निघाली, आणि पलंग एखाद्या जुन्या सभासदासारखा हळूहळू समुद्राकडे झुकला. "काय झालं?" हिनं झोपेतच विचारलं.

"पाठिंबा काढला," मी म्हणालो.

मग चौघांनीही होडीला हात लावला. फळ्यांवरून ती खरखरत निघाली, तिच्या नाळेखालची शेवटची फळी मुलानं ओढून घेतली आणि ती पाण्यावर डुलायला लागली. दादा गुडघाभर पाण्यात उभे होते. ते होडीचा तळ निरखत होते. मला ती नजर ओळखीची आहे.

"काका," दादा म्हणाले, "हिला खालून दोन इंची पाइपाची फ्रेम मारली तर फळ्यांची भानगडच नको."

काकांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी इंजिन सुरू केलं. भरती उतरायला अजून थोडा वेळ होता, पण त्यांना एकाएकी घाई झाली असावी.